आधी कड वाचा, मग विका

परवा एका खरेदीदाराचा मेसेज आला. "गुरुजी, तो ब्राँझचा पीस अजून आहे का? चांगला भाव देतो." मी अजून उत्तर दिलेलं नाही. का दिलं नाही ते सांगायला ही पोस्ट. लांबली आहे, पण आपल्या भागातल्या लोकांनी वाचावी असं वाटतं.

मला जुनी नाणी, बिल्ले गोळा करायचा नाद आहे हे मोलगीत बऱ्याच जणांना माहीत आहे. काही वर्षांपूर्वी पुण्याला एका प्रशिक्षणाला गेलो होतो, तेव्हा रविवारी जुन्या बाजारात फिरलो. कुलपं, कंदील, घड्याळांचे पट्टे अशा पसाऱ्यात एक तांबूस काळपट बिल्ला पडला होता. एका बाजूला पंचम जॉर्ज. दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा माणूस आणि १९१४-१९१८ ही सालं. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश युद्धपदक मला ओळखू येत होतं, पण ते चांदीचं असतं. हे चांदीचं नव्हतं. विक्रेता म्हणाला, "नकली असेल, घेऊन जा." घेतलं.

नकली नव्हतं. ते पदक दोन धातूंत काढलं गेलं होतं. सैनिकाला चांदीचं आणि सैनिकासाठी रस्ता खणणाऱ्याला, ओझी वाहणाऱ्याला, झाडं तोडणाऱ्याला ब्राँझचं. चांदीची लाखो निघाली, साठ लाखांच्या वर. ब्राँझची साधारण एक लाख दहा हजार. ही रीत त्याही आधीची. १९०३-०४ च्या तिबेट मोहिमेत बर्फातून सामान वाहून नेणाऱ्या हमालांनाही ब्राँझचंच पदक मिळालं आणि त्यावर नावाआधी 'कुली' असं कोरलेलं असतं. गंमत बघा, आज संग्राहकांच्या बाजारात सहसा चांदीच्या पदकापेक्षा ब्राँझच्याच पदकाला जास्त भाव येतो. कमी आहेत म्हणून.

पदकाची खरी गोष्ट राजाच्या तोंडावर नसते, कडेवर असते. रुपयाच्या कडेला जिथे रेघा असतात तिथे या पदकावर बारीक इंग्रजी अक्षरं असतात. नंबर, हुद्दा, नाव, तुकडी. भिंग लावून मी वाचलं. हुद्दा : कुली. तुकडी : रांचीची मजूर कंपनी. मधे एक नाव. ते नाव आणि नंबर मी इथे मुद्दाम टाकत नाही. उद्या कुणी हक्क सांगायला आलं, तर नंबर त्याने मला सांगावा.

१९१७ साली इंग्रज सरकारने फ्रान्सला पाठवायला हिंदुस्थानातून मजुरांच्या कंपन्या उभ्या केल्या. साधारण वीस-एकवीस हजार माणसं गेली आणि त्यात मोठा भाग आदिवासींचा होता. संथाळ, उरांव, मुंडा, खासी, गारो, नागा, लुशाई, मणिपूरकडचे लोक. आपल्याकडून मुंबई बंदरातून निघणारी जहाजं जास्त करून बसऱ्याकडे जायची. तिथेही बंधारे, रूळ, गोदीतली हमाली याच कामांना माणसं लागत होती. तुरुंगातले कैदीसुद्धा शिक्षा माफ करतो असं सांगून नेले गेले. सगळे मोजले तर त्या युद्धात हिंदी सैन्याच्या पटावर साडेपाच लाखांवर माणसं बंदूक न धरणारी होती. दिल्लीच्या जेएनयूत इतिहास शिकवलेल्या राधिका सिंघा यांचं यावरच एक पुस्तक २०२० मध्ये आलं आहे, इंग्रजीत. मराठीत कुणीतरी आणायला हवं.

सगळे काही खुशीने गेले नाहीत. १९१७ मध्ये मयूरभंजात संथाळ या भरतीविरुद्ध उठले. मणिपूरच्या डोंगरात कुकींनी नकार दिला आणि ते प्रकरण १९१९ पर्यंत चाललं. दुसरीकडे, फ्रान्सहून परत आलेल्या नागा लोकांचा १९१८ च्या नागा क्लबात मोठा वाटा होता आणि त्याच क्लबने १९२९ मध्ये सायमन कमिशनला निवेदन दिलं की आमचं आम्हाला बघू द्या. म्हणजे नुसती ओझी वाहून ते परत आले नाहीत.

हे पदक घरी आणलं तेव्हा आमच्या पाड्यावरचे एक आजा बसायला आले होते. डोळ्यांना कमी दिसतं. त्यांनी हातात घेतलं, अंगठ्याने कड चाचपली. म्हणाले, "गुरुजी, हे कोणाचं?" मी म्हटलं, "रांचीकडच्या एका माणसाचं, आजा. आपल्यासारखाच, आदिवासी." ते म्हणाले, "मग इथं काय करतंय? त्याच्या घरी द्या ना."

मी प्रयत्न केला. खरंच केला. पण कडेवर बापाचं नाव नाही, गावाचं नाव नाही. ते पहिलं नाव तिकडे हजार घरांत असेल. मेलेल्यांची यादी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या वेबसाइटवर फुकट शोधता येते, पण जो जिवंत परत आला तो त्या यादीत कशाला असेल? त्या आयोगानेही २०२१ मध्ये स्वतःच्या अहवालात मान्य केलं की निदान एक लाख सोळा हजार मृतांची नावं कुठेच कोरली गेली नाहीत, किंवा त्यांची आठवणच ठेवली गेली नाही, आणि खरा आकडा साडेतीन लाखांपर्यंत असू शकतो. यात बहुतेक आफ्रिका आणि इजिप्तकडची माणसं. मेलेल्यांची ही कथा. जगलेल्या कुलीला कोण विचारतो?

माझं म्हणणं इथून सुरू होतं. पदक घरातून निघालं त्या दिवशी त्याचं गाव तुटलं. घरच्यांनी विकताना एका चिठ्ठीवर 'अमक्याच्या आजाचं, तमकं गाव' एवढं लिहून दिलं असतं, तरी आज मी पोस्टाने परत पाठवू शकलो असतो. सोनाराने तोलून घेतलं असेल, भंगारवाल्याने किलोवर घेतलं असेल. पुढे चार हात बदलले आणि नाव कुणाचंच राहिलं नाही.

पंजाबचं उदाहरण द्यावंसं वाटतं. महायुद्धानंतर तिथल्या सरकारने गावोगावच्या सैनिकांच्या नोंदवह्या करून घेतल्या होत्या. त्या लाहोरच्या संग्रहालयात पडून होत्या. २०२१ मध्ये त्यातल्या काही जिल्ह्यांच्या नोंदी इंटरनेटवर आल्या आणि परदेशातले पंजाबी आपलं गाव टाकून पणजोबा शोधायला लागले. गाव लिहिलेलं होतं म्हणून सापडले.

मला माहीत आहे, काही जण म्हणतील, इंग्रजाच्या बिल्ल्याचं एवढं कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे. नंदुरबारला शिरीषकुमार आणि त्याच्या सोबत्यांवर ९ सप्टेंबर १९४२ ला गोळ्या याच सरकारने घातल्या. रावलापाणीला २ मार्च १९४३ ला आपल्या माणसांवर गोळीबार केला तोही यांनीच. माझ्या कपाटात त्या राजाचं तोंड भिंतीकडेच आहे, खरं सांगतो. पण कडेवरचा माणूस राजाचा नव्हता. तो पोटासाठी, नाहीतर मुखियाने सांगितलं म्हणून गेलेला माणूस होता. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने तर आपल्या काळ्या मजुरांना हे ब्राँझचं पदकही मिळू दिलं नाही. 'मेंडी' जहाज २१ फेब्रुवारी १९१७ ला बुडालं, त्यात असे सहाशेवर मजूर गेले, तरीही नाही. चिनी मजुरांच्या पदकांवर तर नावच नसतं, फक्त नंबर.

नंबर म्हटलं की मला आपलीच माणसं आठवतात. दिवाळीनंतर आपल्या पाड्यांवरची घरं बंद होतात, ट्रक भरून लोक गुजरातला ऊसतोडीला जातात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून काय लिहिलं जातं? 'एक कोयता'. उचल किती, कोयते किती. शंभर वर्षांनी कुणी ती वही उघडली तर त्याला काय सापडणार आहे?

म्हणून संग्राहकांना मी शिव्या देत नाही. मी स्वतः त्यातलाच. आम्ही उचललं नसतं तर ही पदकं भट्टीत गेली असती. चांदीची किती वितळली याचा हिशोब नाही. पण 'पीस' म्हणणाऱ्यांचा राग येतो. त्यांना नाव हवं असतं ते भाव वाढवायला. काठीच्या होळीला आता असे लोक दिसायला लागलेत. फोटो काढतात आणि हळूच विचारतात, "हे गळ्यातलं जुनं आहे का? देणार का?" राणीच्या रुपयांची माळ, कडी, साखळ्या, सगळ्यांवर डोळा असतो.

त्यांना आणि आपल्यालाही एक माहीत असावं. पुरावस्तूंचा कायदा १९७२ चा आहे. ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू शंभर वर्षांची झाली की खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही आणि पुरावस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. महायुद्धाची ही पदकं १९२० च्या आसपास वाटली गेली. म्हणजे शंभरी आत्ताच उलटली. मला मेसेज करणाऱ्याचं गिऱ्हाईक परदेशातलं आहे, हे त्यानेच बोलता बोलता सांगितलं होतं.

सरकारी संग्रहालयात नेऊन द्या असंही मी म्हणणार नाही. कपाटात बंद, खाली 'कांस्य पदक, विसावे शतक' एवढी पट्टी लागली तर पुन्हा तेच झालं. आपला भाग पेसात येतो. १९९६ च्या त्या कायद्याने ग्रामसभेला आपली परंपरा, आपली सांस्कृतिक ओळख जपायचा अधिकार दिलाय. आपण तो रेतीच्या आणि तेंदूच्या विषयापुरता आठवतो. ग्रामसभेत एक साधी दोनशे पानी वही ठेवायला काय लागतं? कुणाच्या घरी काय जुनं आहे, कुणाचं होतं, कुठून आलं, त्याचं घरातलं नाव काय, एवढंच लिहायचं. वस्तू ज्याची त्याच्याच घरी राहील. त्याला अडचण आली आणि विकावी लागली तर विकू दे, पोरीच्या दवाखान्यापुढे पदक मोठं नाही. पण वहीत पान राहील आणि वस्तूबरोबर चिठ्ठी जाईल.

मी सुरुवात माझ्यापासून करतो. पुढच्या ग्रामसभेत हा विषय लेखी देणार आहे. तोवर कुणाच्या पेटीत, पत्र्याच्या डब्यात, आजीच्या गाठोड्यात असं काही असेल तर बाजारच्या दिवशी मोलगीला येताना घेऊन या. विकत घेणार नाही, ठेवूनही घेणार नाही. भिंग आहे, मोबाईल आहे. कड वाचून देईन, फोटो काढून देईन, चिठ्ठी लिहून देईन. घासूनपुसून आणू नका. कडेवरची अक्षरं आधीच झिजलेली असतात, राखेने चोळली की संपली.

आणि झारखंडमधलं, रांची-खुंटी-गुमलाकडचं कुणी ओळखीचं असेल तर ही पोस्ट हिंदीत सांगा त्यांना. आजा दर आठवड्याला विचारतात, "गेलं का ते त्याच्या घरी?"