पांढऱ्यावर पांढरे

पनवेलच्या एस.टी. स्थानकापासून पाच मिनिटांच्या अंतरावर माझ्या एका शाळासोबत्याचे लॉज आहे. दहा खोल्या, दोन मजले, खाली चहाची टपरी. द्रुतगती मार्ग नव्हता त्या काळात घाटात गाडी अडकली किंवा रात्रीची एस.टी. चुकली की माणसे इथेच पाठ टेकायची. मित्र आता थकला आहे. लॉज त्याचा मुलगा पाहतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी तो लॅपटॉप काखोटीला मारून माझ्याकडे आला. चेहरा असा की, बापाचे काही बरेवाईट झाले की काय, अशी शंका मनात आली.

"काका, आपण गुगलवरून गेलो," तो म्हणाला.

माझी अर्धी हयात बँकेत आणि उरलेली कादंबऱ्या लिहिण्यात गेली. हा विषय माझा नव्हे. पण माणसे कर्जात कशी बुडतात हे मी जवळून पाहिले आहे, आणि त्याची हकिकत मला ओळखीची वाटू लागली.

विमानतळ येणार म्हणून त्या वर्षी पनवेलात ज्याच्या नावावर चार भिंती होत्या, तो प्रत्येक जण मनात हॉटेल बांधत होता. जानेवारीत याला एक फोन आला. विमानतळाजवळचे हॉटेल म्हणून कोणी शोधले की तीन महिन्यांत तुमचे नाव पहिले दिसेल, हमी आमची, महिना बारा हजार. एप्रिलमध्ये नाव खरोखरच पहिल्या पानावर आले. फोन खणखणू लागले, टपरीवर पेढे वाटले गेले. जुलै संपता संपता नाव गायब झाले. खाली घसरले असे नव्हे. लॉजचे पूर्ण नाव घालून शोधले तरी वेबसाइट दिसेना.

काय केले होते, ते त्याने मला दाखवले. पहिल्या पानाच्या तळाशी बोटभर रिकामी जागा होती. तिच्यावरून माउस ओढला तर 'पनवेल हॉटेल, स्वस्त हॉटेल, विमानतळ हॉटेल' असे शे-दीडशे शब्द वर आले. पांढऱ्या जागेवर पांढऱ्याच अक्षरांत लिहिलेले. माणसाला दिसू नयेत, यंत्राने मात्र वाचावेत म्हणून. पांढऱ्यावर काळे करण्यात माझा जन्म गेला, पांढऱ्यावर पांढरे हा प्रकार मला नवा होता. पुढे एकेचाळीस पाने. कामोठ्याजवळचे हॉटेल, कळंबोलीजवळचे हॉटेल, खारघर, उलवे, उरण, थेट कर्जतसुद्धा. मजकूर तोच, गावाचे नाव तेवढे बदललेले. एकच पाठ केलेला निबंध कधी टिळकांवर तर कधी गांधींवर लिहिणारी मुले आमच्या वर्गात होती, त्यांची आठवण झाली.

तिसरी गोष्ट समजायला मला वेळ लागला. १९९८ च्या सुमारास लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी गुगलची मांडणी केली, तेव्हा त्यांची कल्पना साधी होती. एका वेबसाइटने दुसरीचा दुवा दिला तर ती शिफारस समजायची. आणि शिफारस करणारा जितका वजनदार, तितकी शिफारस मोलाची. हे ऐकताच मला आमच्या बँकेतला जुना अर्ज आठवला. त्या काळी खाते उघडायचे तर एखाद्या जुन्या खातेदाराची ओळखीची सही लागे. शिक्षकाची किंवा डॉक्टरची सही आली की आम्ही निर्धास्त. मग शाखेच्या दारात काही मंडळी उभी राहू लागली. चहा-भज्यांच्या मोबदल्यात कुणाही अनोळख्याची 'ओळख' द्यायची. आमच्या एका शाखेत अशाच सहीवर उघडलेल्या खात्यात चोरीचा चेक वटला. चौकशी लागली तेव्हा सही करणारा म्हणाला, "साहेब, मी तर फक्त ओळख दिली होती!"

लॉजच्या वेबसाइटला ओळख देणारे असेच होते: परदेशातली औषधविक्रीची दुकाने, रमीचे अड्डे, एक कुत्र्यांच्या खाद्याचा व्यापारी. पनवेल कुठे आहे हे त्यांच्यापैकी कोणाला ठाऊक असण्याचे कारण नाही.

यात मोठमोठे फसले आहेत. २००६ च्या फेब्रुवारीत गुगलने बीएमडब्ल्यूची जर्मन वेबसाइट आपल्या यादीतून काढली. यंत्राला एक पान आणि माणसाला दुसरे, असा तिथला प्रकार होता. २०११ मध्ये जे. सी. पेनी या अमेरिकन दुकानसाखळीचे विकतचे दुवे न्यूयॉर्क टाइम्सने उघड केले आणि सणासुदीत अव्वल असलेले तिचे नाव कुठच्या कुठे गेले. २०१२ च्या एप्रिलमधल्या 'पेंग्विन' नावाच्या बदलाने असल्या दुव्यांवर वरवंटा फिरवला, आणि मार्च २०२४ मध्ये गुगलने ढिगाने पाडलेल्या पानांविरुद्धही नियम कडक केले. बीएमडब्ल्यूला याचे काही फार वाटले नसेल. तिच्याकडे वकील आहेत, दुकाने आहेत, नाव आहे. दहा खोल्यांच्या लॉजकडे काय असते?

"पण काका, सगळेच करतात," तो म्हणाला. "मी नाही केले तर चौथ्या पानावर पडेन." यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. ३१ मार्चला ठेवींचा आकडा फुगवण्यासाठी एका दिवसापुरते पैसे इकडचे तिकडे करणाऱ्या शाखा मी पाहिल्या आहेत, आणि एकदा त्या कागदावर माझीही सही होती. वर दिसायचे असेल तर पैसे भरून जाहिरात द्यावी. तिथे निदान 'प्रायोजित' अशी पाटी तरी असते. माझा आक्षेप जोखमीच्या वाटणीला आहे. महिना बारा हजार घेणाऱ्याची जोखीम शून्य. त्याने फोन उचलणे बंद केले, उद्या तो दुसऱ्या नावाने दुसऱ्या लॉजला फोन करील. नाव गेले ते लॉजचे. कर्जाला जामीन राहताना माणूस दहादा विचार करतो. इथे याने स्वतःचे नाव तारण ठेवले आणि कागद वाचलाच नाही. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, हे गुगलने स्वतःच लिहून ठेवले आहे. आणि वेबसाइटवर कारवाई झाली तर ज्या 'सर्च कन्सोल' खात्यात तशी सूचना येते, ते खातेच त्या माणसाच्या नावावर होते. तिजोरी आपली, किल्ली दुसऱ्याकडे!

बोलता बोलता मे महिन्यातली एक गोष्ट त्याच्या तोंडून निघाली. नाशिकहून एक कुटुंब आले होते. दोन लहान मुले, डोक्यावर पोहण्याच्या टोप्या घालूनच रिक्षातून उतरली. विकत आणलेल्या पन्नास अभिप्रायांपैकी एकात लॉजच्या पोहण्याच्या तलावाची तारीफ होती. कोणी कुठे बसून लिहिले, देव जाणे. ऑनलाइन अभिप्राय प्रामाणिक असावेत यासाठी भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये मानक ठरवून दिले आहे. ते त्या लिहिणाऱ्याच्या कानावर गेलेले नसावे. याने पैसे परत केले, मुलांना आइस्क्रीम दिले. धाकटी मात्र जिन्यावर बसून बराच वेळ रडत होती, म्हणाला. वेबसाइट गेल्याचे सांगताना त्याचा आवाज ठीक होता. हे सांगताना अडखळला.

मग निस्तरणे आले. खाते स्वतःच्या नावावर करून घेतले, एकेचाळीस पाने पुसली, पांढरी अक्षरे काढली, विकतचे अभिप्राय हटवले. परके दुवे आमचे नव्हेत असे कळवले आणि चूक कबूल करून फेरविचाराचा अर्ज केला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले, तेव्हा आमचे लॉज यादीत नव्हते. २५ डिसेंबरला प्रवासी विमाने सुरू झाली, त्याच सुमारास ते परत दिसू लागले. तिसऱ्या पानावर.

आता तो वेबसाइटचा मजकूर स्वतः लिहितो आणि शुद्धलेखनासाठी माझ्याकडे आणतो. पहाटे तीनला विमानतळावर जायला रिक्षा कुठे मिळते, भाडे साधारण किती पडते, आदल्या रात्री कोणाला सांगून ठेवावे, हे त्याने नीट लिहिले आहे. लॉजला लिफ्ट नाही, सामान आमचा मुलगा वर चढवून देईल, हेही आहे. परवा मी दोन अनुस्वार दुरुस्त करून कागद परत दिला, तर दारापर्यंत जाऊन तो वळला.

"काका, पोहण्याचा तलाव नाही, असेही लिहू का?"

लिही म्हटले.