आधी तपासा, मग गोळी द्या



ज्वारी पेरण्याआधी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळतो, किती उगवले ते मोजतो, मगच तिफण धरतो. बियाण्याची एवढी परीक्षा. मग माणसाला गोळी देताना का नको?

फिट येणाऱ्याला कार्बामाझेपिन ही गोळी नेहमी दिली जाते. ती स्वस्त आहे, गुणकारी आहे. तिच्याशी आमचे वैर नाही. पण ज्यांच्या अंगात एचएलए-बी १५:०२ हे जनुक असते, त्यांच्यातल्या काहींवर ती उलटते. ताप येतो, डोळे लाल होतात, तोंड सोलवटते, अंगभर फोड येऊन कातडी भाजल्यासारखी सुटते. आजार फार पसरला, तर दहातले तीन दगावतात.

तैवानमध्ये २००४ साली असे ४४ रोगी तपासले. चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस जणांत हे जनुक निघाले. मग त्यांनी गोळी देण्याआधीच ४,८७७ लोकांचे रक्त तपासले. जनुक निघाले त्यांना दुसरे औषध दिले. २०११ साली निकाल छापला : एकालाही हा आजार झाला नाही. आधीच्या हिशेबाने दहाएक जणांना झाला असता. सिंगापूरने २०१३ पासून ही तपासणी रिवाजात आणली.

हे परक्यांचे दुखणे नव्हे. भारतीयांत शंभरात सरासरी २ ते ४ जणांत हे जनुक असते. २००९ साली गुजरातेतल्या संशोधकांनी असे आठ रोगी तपासले; सहा जणांत ते सापडले.

जनुक जन्मभर बदलत नाही. तपासणी एकदाच पुरते. कातडी सुटलेला माणूस महिनाभर दवाखान्यात राहिला, तर कोरडवाहू घराचा कापूस तिथेच संपतो. म्हणून आमची मागणी : नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात ही गोळी सुरू करण्याआधी प्रत्येकाची तपासणी फुकट व्हावी. आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशकातच आहे. त्याने यात पुढाकार घ्यावा. मालेगाव, नांदगाव, येवल्याच्या माणसाला त्यासाठी मुंबई गाठावी लागू नये.

तोवर एवढे ध्यानात ठेवा. तपासणीत जनुक निघाले नाही, तरी धोका पुरता टळत नाही. गोळी सुरू केल्यावर पहिले दोन-तीन महिने जपा. पुरळ, तोंडात फोड किंवा ताप दिसला, तर उद्यावर टाकू नका. गोळ्यांचे पाकीट घेऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि ज्यांना ही गोळी वर्षानुवर्षे सोसते आहे, त्यांनी हे वाचून ती परस्पर बंद करू नये.