चंद्रावरचा एक एकर

गेल्या भाऊबीजेला माझ्या धाकट्या भावाने ओवाळणीच्या तबकात एक कागद ठेवला. चंद्रावरच्या एक एकर जमिनीचा! शिक्का, सही, सारे यथासांग. "ताई, उद्या तिथे वसाहत झाली की भाव बघ," असे वर ऐकवलेही. मी कागद परत केला. तेव्हापासून आमचा वाद चालू आहे. तो आज चारचौघांत मांडते.

१९६७ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये चंद्रावर कोणत्याही राष्ट्राला मालकी सांगता येत नाही. मग त्याचा सातबारा कोणी कोणाला लिहून द्यावा? पण ते असो. माझे खरे भांडण 'वसाहत' या शब्दाशी आहे. १९६९ ते १९७२ या काळात १२ माणसे तिथे चालून आली. सर्वांत लांबचा मुक्काम जेमतेम तीन दिवसांचा. २३ ऑगस्ट २०२३ रोजी आपला 'विक्रम' दक्षिण ध्रुवाकडच्या भागात उतरला, तेव्हा मीही आळीत पेढे वाटले. पण पुढे १४ दिवसांची ती रात्र आली, आणि निजवलेले यंत्र पुन्हा जागे झाले नाही. दुपारी १०० अंशांच्या वर, रात्री शून्याखाली १०० हून अधिक! शिवाय किरणांचा मारा चुकवायला घर मातीखाली हवे. म्हणजे इथला हवेशीर फ्लॅट विकून तिथे तळघरात राहायचे!

"बर्फ आहे ना!" भाऊ म्हणतो. आहे, ध्रुवाजवळच्या, कधीच ऊन न पडणाऱ्या विवरांत. पण तो कोणाचा? जमीन कोणाचीच नाही, पण असे उत्खनन म्हणजे आपोआप मालकी गाजवणे नव्हे, असे २०२० चे आर्टेमिस करार म्हणतात. २०२३ मध्ये आपणही त्यांवर सही केली. टँकरपुढची हंड्यांची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यात काय वाढून ठेवले आहे हे मी काय सांगावे?

आणि एक प्रश्न, ज्याला भावाकडे उत्तर नाही. एक षष्ठांश वजनात मूल कसे वाढेल, त्याची हाडे कशी धरतील, हे आज कोणालाच ठाऊक नाही. पाळणा बांधता येत नाही त्या जागेला मी ठाणे म्हणेन, वस्ती म्हणणार नाही. अंटार्क्टिकावर १९८१ पासून आपल्या मोहिमा जातात. माणसे राहतात, संशोधन करतात, घरी परततात. चंद्रावरही तसेच जावे. माझी भाची गेली तर लाडवांचा डबा मीच भरून देईन.

भावाने तो कागद चौकटीत बसवून दिवाणखान्यात टांगला आहे. यंदा मात्र मी त्याच्याकडून साडीच घेणार.