स्पीकर ठेवायचा कुठे?

बालमित्रांनो, कांद्याचे पैसे हातात आले किंवा दिवाळी जवळ आली की घरोघरी एक विषय निघतोच. यंदा गाण्याचे चांगले स्पीकर घ्यायचे! दादा म्हणतो मोठ्यात मोठे घेऊ, बाबा किंमत विचारतात, आणि आजी म्हणते, "मला बाई अभंगाचे शब्द नीट ऐकू आले म्हणजे झालं." खरं सांगू का? या तिघांत आजीचं म्हणणं सगळ्यांत शास्त्रीय आहे. कसं ते आज पाहू या.

आधी स्पीकरच्या पोटात डोकावू. आत एक लोहचुंबक असतो, त्याच्यात तारेचं वेटोळं आणि वेटोळ्याला चिकटलेला कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा पडदा. तारेतून वीज कमी-जास्त झाली की वेटोळं पुढे-मागे हलतं, पडदा हवेला ढकलतो आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. तबल्याचा डग्गा घुमवायला मोठा पडदा लागतो, त्याला म्हणतात वूफर. झांजेचा किणकिणाट काढायला अगदी छोटा पडदा पुरतो, तो ट्विटर.

माणसाच्या कानाला सेकंदाला २० पासून २०,००० कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू येतात. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. आता भागाकार करा पाहू! २० कंपनांच्या आवाजाची एक लाट १७ मीटर लांब, म्हणजे आपल्या वर्गखोलीपेक्षाही लांब. आणि २०,००० कंपनांची लाट दोन सेंटिमीटरसुद्धा नाही. इतक्या लांब आणि इतक्या आखूड लाटा एकाच खोलीत सोडायच्या म्हणजे खोलीचा विचार करायलाच हवा, नाही का?

खोली आवाजाचं काय करते ते तुम्ही शाळेतच पाहिलेलं आहे. सुट्टीत रिकाम्या वर्गात बाक सरकवलं तरी केवढं घुमतं! तोच वर्ग मुलांनी भरला की घुमणं कमी होतं. कारण कपडे आणि अंगं आवाज शोषून घेतात. भिंत, फरशी आणि पत्रा तो परत फेकतात. नगरजवळ शहा डोंगरावर चांदबीबीचा महाल म्हणतात ती तीन मजली अष्टकोनी दगडी इमारत आहे. खरं तर ती निजामशाहीतला मंत्री सलाबतखान याची कबर. सहलीला गेलात तर आत एक टाळी वाजवा आणि कान देऊन ऐका. विजापूरच्या गोल घुमटात तर सज्ज्यात एका बाजूला केलेली कुजबुज पलीकडच्या बाजूला ऐकू येते. याच्या उलट मुंबईचं टाटा थिएटर. १९८० साली ते उघडलं. आपलं गाणं-बजावणं माइकशिवायही शेवटच्या रांगेपर्यंत जावं अशा बेताने सिरिल हॅरिस या ध्वनितज्ज्ञाने त्याची आखणी केली.

तेव्हा स्पीकर लाखाचे असले तरी खोलीकडे दुर्लक्ष केलं तर पैसे वाया! आता आपण एक खोली घेऊ, १० फूट रुंद आणि १२ फूट लांब. दोन स्पीकर आहेत. पहिली चूक बहुतेक घरांत होते ती म्हणजे स्पीकर कोपऱ्यात ढकलणं. कोपऱ्यातल्या भिंती जाड आवाजाला बळ देतात. डग्गा ढमढम करायला लागतो आणि गाणाऱ्याचे शब्द त्यात बुडून जातात.

म्हणून दहा फुटी भिंतीसमोर, भिंतीपासून अडीच फूट पुढे दोन्ही स्पीकर मांडा. बाजूच्या भिंतींपासून दोन-दोन फूट जागा सोडा. दोघांमध्ये सहा फूट अंतर राहील. ऐकणाऱ्याची खुर्चीही प्रत्येक स्पीकरपासून सहा फुटांवर. ओळखलंत? समभुज त्रिकोण! भूमितीच्या तासाला "याचा काय उपयोग?" विचारणाऱ्यांना हे उत्तर. ट्विटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर हवा, म्हणून स्पीकर जमिनीवर नको, भक्कम स्टुलावर ठेवा. तोंडं किंचित खुर्चीकडे वळवा. जमलं की गंमत होते. स्पीकर दोन, पण गाणारा मात्र मधोमध बसल्यासारखा वाटतो. दोन वाटांनी आवाज देण्याच्या या युक्तीचं पेटंट इंग्लंडच्या अ‍ॅलन ब्लुमलाइन यांनी १९३१ साली मागितलं होतं.

आता आरशाची युक्ती. एकाने खुर्चीत बसायचं, दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यायचा. बसलेल्याला आरशात स्पीकर दिसला की तिथे खडूची खूण. उजेडासारखाच आवाजही त्याच जागेवरून उलटून कानाकडे येतो. तिथे आजीने शिवलेली गोधडी टांगा. खाली सतरंजी, मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट. पण लक्षात ठेवा, गोधडी बारीक आवाज शोषते. जाड आवाजाच्या लांब लाटांना ती पुरत नाही, त्यांच्यासाठी स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढणं हाच उपाय.

गावात सप्ताहाच्या मंडपातही हेच पाहा. स्पीकर माइकच्या मागे राहिला तर त्याचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होतो आणि 'कुईंऽऽ' अशी शिट्टी वाजते. स्पीकर कीर्तनकारांच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवला की शिट्टी थांबते.

पालकहो, खरेदीबद्दल दोन शब्द. खोक्यावरच्या वॅटच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. वॅट दुप्पट झाले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, कानाला जेमतेम जाणवेल एवढाच. पीएमपीओ असं लिहिलेला हजारांतला आकडा तर विसरूनच जा. तो क्षणभराचा असतो. दुकानात नेहमीच्या ऐकण्यातलं गाणं लावायला सांगा, पंडित भीमसेन जोशींचा एखादा अभंग घ्या. शक्य असेल तर घरी लावून पाहायची मुभा मागा, कारण दुकानाची खोली वेगळी आणि आपली वेगळी.

आणि परीक्षक म्हणून आजीला बसवा. वय वाढतं तसे आधी बारीक आवाज ऐकू येईनासे होतात. स, श, फ, त ही व्यंजनं नेमकी त्या बाजूची. म्हणून आजी म्हणते, "आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत." त्यावर आपण काय करतो? आवाज वाढवतो! मग ढमढम आणखी वाढते, शब्द आणखी हरवतात, आणि आजी बिचारी "राहू दे" म्हणून उठून जाते. घरात गाणं सुरू असून घरातलंच माणूस बाहेर राहतं. आवाज न वाढवता स्पीकर दोन फूट पुढे सरकवून पाहा. तिला थोडे तरी जास्त शब्द कळले, तर मांडणी सुधारली म्हणायची. तरीही कळत नसतील तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा, वय झालं म्हणून सोडून देऊ नका.

तुमचेही कान जपा बरं का! जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्यांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा, मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल. ९० डेसिबल असेल तर मोठ्यांनाही आठवड्याला फक्त ४ तास. कानातल्या नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. शेजाऱ्यांचाही विचार हवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे.

या रविवारचा उद्योग: वहीत आपल्या खोलीचा नकाशा काढा. दारं, खिडक्या, कपाट, स्पीकर आणि बसायची जागा दाखवा. घरात टीव्ही किंवा रेडिओच असेल तरी चालेल. तो एकदा कोपऱ्यात आणि एकदा भिंतीपासून दूर ठेवा, दोन्ही वेळा तीच बातमी तेवढ्याच आवाजात लावा आणि आजी-आजोबांना किती शब्द कळले ते मोजा. पैसा एकही खर्च होणार नाही!