85 हजारांचे मांजर

गेल्या महिन्यात वडगाव रासाईला आपाकडे गेले होते. भीमेकाठचे हे गाव, पलीकडे दौंड तालुका आणि चहूकडे ऊस. दुपारचे जेवण आटोपले आणि भाचा मोबाईल घेऊन शेजारी येऊन बसला.

"खाला, हे बघा."

पडद्यावर एक पिल्लू होते. सोनेरी अंग, त्यावर बिबट्यासारखे ठिपके, हिरवे डोळे. दिसायला खरोखर देखणे.

"बेंगाल कॅट आहे. 85 हजार. जोडी घेतली की वर्षातून दोनदा पिल्लं होतील. एकेक पिल्लू 50 हजाराला गेलं तरी हिशोब करा."

आपा भांडी आवरत होती, काही बोलली नाही. संध्याकाळी कळले की जोडीच्या पैशांसाठी तिच्या पाटल्या तारण ठेवायचे घरात घाटत होते. दीड-पावणेदोन लाखांचा मामला होता.

मी त्याला नको म्हटले नाही. विशीतल्या पोराला नको म्हटले की तो तेच करून बसतो. मी म्हटले, "वही आण. तू म्हणतोस तर हिशोबच करू." त्या दिवशी जे मांडले ते इथे देत आहे, कारण अशी हौस हल्ली फक्त आमच्याच घरात नाही.

आधी हे मांजर आहे तरी काय? आशियात 'लेपर्ड कॅट' नावाचे एक लहान जंगली मांजर आहे. आपल्या सह्याद्रीतही ते आढळते. बिबट्याशी त्याचे नाते ठिपक्यांपुरतेच. अमेरिकेत जीन मिल नावाच्या बाईंनी 1960च्या दशकात या जंगली मांजराचा आणि घरगुती मांजराचा संकर केला आणि पुढे त्यातून बेंगाल ही जात घडवली. दुसरी जात 'सव्हाना'. ती आफ्रिकेतल्या सर्व्हल या उंच पायांच्या रानमांजरापासून झाली. तिचे पहिले पिल्लू 1986 मध्ये अमेरिकेतच जन्मले. पहिल्या पिढीच्या सव्हानासाठी तिकडे 15 ते 20 हजार डॉलर मोजले जातात.

या मांजरांची किंमत पिढीवर ठरते. आई किंवा बाप थेट जंगली असेल तर ती पहिली पिढी. चौथ्या पिढीपासून पुढचे मांजर घरात राहण्याजोगे मानतात. पहिल्या पिढ्यांची मांजरे बुजरी असतात, भिंतीवर नि पडद्यांवर मुतून हद्द आखतात, रेतीच्या डब्यात जायला शिकतीलच असे नाही. शिवाय भाच्याच्या धंद्यासाठी महत्त्वाची गोष्ट म्हणजे पहिल्या तीन पिढ्यांचे नर बहुधा नापीक असतात. विकणारा "जंगली रक्त जास्त आहे" असे कौतुकाने सांगतो. तेच घेणाऱ्याच्या तोट्याचे असते.

आता वही. एकाच मांजराचा हिशोब, आम्ही इकडे-तिकडे भाव विचारून मांडलेला:

किंमत 85,000. गच्चीवर जाळीचा बंदिस्त भाग 20,000. खाणे महिन्याला 2,500 आणि डब्यातली रेती 600, म्हणजे वर्षाला 37,200. लसी, जंताचे औषध, तपासणी आणि पुण्याच्या फेऱ्या मिळून वर्षाला 5,000. म्हणजे दरवर्षी 42,200. मांजर 12 ते 15 वर्षे जगते. 12च धरली तरी 5,06,400. सगळे मिळून 6,11,400 रुपये. यात एकही आजारपण नाही.

भाचा म्हणाला, "खाण्याला इतकं कशाला? आपल्या घरची मांजर दूध-चपातीवर जगतेच की."

ती दूध-चपातीवर जगत नाही, दिवसभर उंदीर, सरडे, पाखरे धरून खाते म्हणून जगते. मांजर मांसाहारीच आहे. टॉरीन नावाचा घटक तिला मांसातूनच मिळतो आणि तो कमी पडला तर डोळे आणि हृदय बिघडते. मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही, बऱ्याचदा जुलाब होतात. घरात कोंडलेल्या मांजराला पूर्ण आहार आपणच द्यायचा असतो.

मग मोकळे सोडले तर? उसात बिबट्या आहे. पिंपरखेडला 2025च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात बिबट्याने माणसांचे जीव घेतले, शिरूर तालुक्यात अंधार पडल्यावर लेकरांना कोणी एकटे सोडत नाही. तिथे 85 हजारांचे मांजर रात्री बाहेर सोडणार कोण? बिबट्या नाही तर कुत्री आहेत, आणि चोरही आहेत. म्हणून जाळी हवीच. पण बेंगाल हे दिवसभर उड्या मारणारे, चढणारे जनावर. नुसते कोंडून ठेवले तर ओरडते आणि घर फाडते. त्याच्यासोबत रोज तास-दीड तास खेळायला घरात कोण आहे? भाचा कामावर जातो. म्हणजे पुन्हा आपाच.

आजारपण वेगळेच. बेंगालमध्ये हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आणि लहानपणीच दृष्टी जाण्याचा आनुवंशिक आजार आढळतो. दृष्टीच्या आजारासाठी आईबापांची जनुकीय चाचणी करता येते, हृदयासाठी सोनोग्राफी लागते. गावाकडचा पशुवैद्यकीय दवाखाना गाई-म्हशी आणि शेळ्यांवर चालतो. मांजराच्या हृदयासाठी पुणे गाठावे लागणार.

राहिला पिल्लांचा धंदा. मादीला वर्षातून दोनदा व्यायला लावणे म्हणजे तिचे शरीर झिजवणे. पिल्लांना तीन महिने आईजवळ ठेवायचे, लसी द्यायच्या, त्यांचे खाणे वेगळे. गिऱ्हाईक नाही मिळाले तर पिल्लू मोठे होते आणि भाव उतरतो. दुकान थाटून पाळीव प्राणी विकायचे तर 2018च्या नियमांप्रमाणे राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. सर्व्हलच्या जवळच्या पिढीचे मांजर आणले तर आणखी अडचण. 'सायटीस' या आंतरराष्ट्रीय करारात संकराच्या मागच्या चार पिढ्या पाहतात, आणि अशा यादीतले परदेशी जनावर घरात असेल तर 2024च्या नियमांनुसार केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदवावे लागते. लेपर्ड कॅट तर आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. "बाप जंगली आहे" असे कोणी अभिमानाने सांगत असेल तर तिथून उठून यावे.

याच्याशीच जोडून उसातल्या पिल्लांविषयी सांगायला हवे. तोडणीच्या दिवसांत फडात ठिपकेवाली इवलीशी पिल्ले सापडतात. ती बऱ्याचदा वाघाटीची असतात. वाघाटी हे जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक, पूर्ण वाढलेलीही जेमतेम दीड किलोची. फुकटात ठिपकेवाले मांजर मिळाले म्हणून मुले ती घरी आणतात. ती पाळणे गुन्हा आहे आणि बाटलीच्या दुधावर ती बहुधा मरतात. आई जवळच लपलेली असते. पिल्लू जिथे सापडले ती जागा लक्षात ठेवावी, हात लावू नये आणि वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. जुन्नर वन विभाग आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातली माणसे अशी पिल्ले त्याच फडात ठेवून रात्री आईला परत मिळवून देतात. शिरूर याच वन विभागात येते.

आपाने शेवटी एकच प्रश्न विचारला, "मांजर विकून आलेला पैसा चालतो का गं?"

सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये कुत्रा आणि मांजर यांच्या किमतीची मनाई आहे. बहुसंख्य फकीहांनी पाळीव मांजराची खरेदी-विक्री जायज मानली आहे, काही उलेमांनी ही मनाई जशीच्या तशी घेतली आहे. ज्यांना हा धंदाच करायचा आहे त्यांनी आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. मांजर पाळण्याला मात्र हरकत नाही, तिने तोंड लावलेले पाणी नापाक होत नाही हेही हदीसमध्ये आहे. आणि ज्या बाईने मांजर बांधून ठेवले, खायला दिले नाही आणि बाहेर जाऊन खाऊही दिले नाही, तिचा किस्सा आपण लेकरांना सांगतोच. कोंडलेल्या जनावराच्या पोटाची जबाबदारी कोंडणाऱ्यावर असते. 12 वर्षे निभावणार असू तरच हात घालावा.

भाच्याने वही दोनदा वाचली. "या पैशात दुभती गाय येते," तो म्हणाला. हे आपाने पंधरा दिवस आधीच सांगितले होते, पण तेव्हा कागदावर नव्हते. विकणाऱ्याने 10 हजार आगाऊ मागितले होते. मी म्हटले, आधी जाऊन पिल्लाची आई बघून ये, लसीचे कार्ड आणि चाचणीचे कागद माग, मग पैशाचे बोलू. त्याने तसा निरोप पाठवला. अजून उत्तर आलेले नाही. फोटो दाखवून आगाऊ पैसे घेणारे बहुतेक इथेच गप्प होतात. तुमच्या घरात अशी हौस निघाली तर हे तीन प्रश्न आधी विचारा.

आपाच्या पाटल्या हातातच आहेत. घरची पिवळी मांजरी पुन्हा गाभण आहे. यावेळी पिल्ले दूध सोडून खाऊ लागली की मांजरीला पुण्याला नेऊन तिचे ऑपरेशन करायचे आणि तिला रेबीजची लस द्यायची, असे भाच्याने कबूल केले आहे. तो खर्च मी देणार आहे.