तिसऱ्या घंटेआधी एवढं सांगा

नाट्यरसिक, निर्माते आणि नाट्यगृहांचे व्यवस्थापक यांना जाहीर आवाहन



५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ सादर केलं, त्याच्या स्मरणार्थ आपण तो साजरा करतो. नटराजपूजन होईल, सत्कार होतील. यंदा त्यात एका कामाची भर पडावी, म्हणून हे आवाहन.

काही घरांतून नाटकाला सगळे मिळून जात नाहीत, कुणीतरी मागे राहतं. स्वमग्न मुलाची आई घरी थांबते, कारण अचानक अंधार झाला, पार्श्वसंगीत कानावर आदळलं की मूल किंचाळेल आणि चार रांगांतल्या माना वळतील, ही तिची धास्ती. कमी ऐकू येणारे आजोबा ‘तुम्हीच जाऊन या’ म्हणतात, कारण हशा झाला की ‘काय म्हणाला?’ असं दर वेळी विचारणं त्यांना नको वाटतं. व्हीलचेअर वापरणारी मुलगी फोन करून ‘आत जायला पायऱ्या किती?’ म्हणून विचारते आणि पलीकडच्याला ते ठाऊक नसतं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं नोंदली आहेत, स्वमग्नता त्यांत आहे. सार्वजनिक इमारती सुगम असाव्यात आणि सांस्कृतिक जीवनात दिव्यांगांना बरोबरीचा वाटा मिळावा, असंही हा कायदा सांगतो. रॅम्प, लिफ्ट, रुंद दाराचं स्वच्छतागृह हे नाट्यगृहांच्या मालकांना करावंच लागेल. आमची पहिली मागणी मात्र त्याहून सोपी आहे: जे घडणार आहे, ते आधी सांगा.

निर्मात्यांनो, जाहिरातीत आणि तिकीटखिडकीवर चार ओळी द्या. प्रयोग किती वेळाचा, मध्यंतर कधी. पूर्ण अंधार होतो का. गोळीचा किंवा स्फोटाचा आवाज आहे का. धूर सोडता का, झगमगते दिवे वापरता का. यातला दिव्यांचा मुद्दा जिवावर बेतू शकतो. सेकंदाला साधारण ३ ते ३० वेळा लुकलुकणाऱ्या प्रकाशाने काही अपस्मारग्रस्तांना झटका येऊ शकतो. रहस्य फुटेल अशी भीती नको. खून कुणी केला ते सांगू नका, दुसऱ्या अंकात गोळी सुटते एवढंच सांगा.

दुसरी विनंती: प्रत्येक नाटकाचा निदान एक प्रयोग मोकळा ठेवा. प्रेक्षागृहातले दिवे मंद पण चालू, आवाज खाली, दार उघडं, कुणीही उठून बाहेर जावं, परत यावं. बाहेर एक शांत खोली असावी आणि नटांना याची आधी कल्पना असावी. न्यूयॉर्कमध्ये २०११ साली ‘द लायन किंग’चा असा प्रयोग स्वमग्न मुलांसाठी झाला. आपल्याला तर हे अवघड जायला नको. बालनाट्याचा प्रेक्षक गप्प कधी बसतो? ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण आली की अख्खं नाट्यगृह ओरडतं आणि नट त्यावर खेळतात. सुरुवात बालनाट्यापासूनच करू.

स्वागत थोरात यांच्या दिग्दर्शनाखाली दृष्टिहीन कलाकारांनी ‘अपूर्व मेघदूत’ रंगमंचावर उभं केलं. दृष्टिहीन प्रेक्षकाला खुर्चीत बसून नाटक अनुभवता यावं, यासाठी त्या मानाने थोडंच करायचं आहे. प्रयोगाआधी अर्धा तास त्यांना रंगमंचावर घ्या, नेपथ्य आणि कपडे हाताने पाहू द्या. प्रत्येक नटाने आपल्या भूमिकेच्या आवाजात नाव सांगावं, म्हणजे पुढे कोण बोलतंय ते कळतं.

व्यवस्थापकांनो, नूतनीकरण निघालं की श्रवणयंत्रांसाठी लूपची तार घालून घ्या. ज्यांच्या यंत्रात टेलिकॉइल आहे, त्यांना ध्वनिक्षेपकावरचे संवाद थेट यंत्रात ऐकू येतात. व्हीलचेअरची जागा बुकिंगच्या प्लॅनवर दाखवा, आणि तिच्या शेजारी सोबत्याची खुर्चीही.

रसिकहो, सर्वांत मोठी मदत तुमच्या हातात आहे. वाजणारा मोबाईल हा निष्काळजीपणा असतो, तिथे जरूर रागवा. पण मागच्या रांगेतून एखादा हुंकार आला, कुणी हात हलवत राहिलं, कुणी मध्येच उठलं, तर मान वळवू नका. नट थांबत नाही, तर आपणही थांबू नये.

आणि ज्यांच्या घरी कुणी मागे राहतं, त्यांना विनंती: आता संकोच सोडा. तिकीट काढताना कडेची खुर्ची मागा, आवाज रोखणारे हेडफोन बरोबर घ्या, घंटेच्या बरंच आधी येऊन मुलाला रिकामं नाट्यगृह दाखवा. मोकळा प्रयोग कधी आहे, हे खिडकीवर विचारा. नाही म्हणाले, तर पुढच्या नाटकाला पुन्हा विचारा. दहा जणांनी विचारलं की पाटी लागते.

आपले,
काही पालक आणि नाट्यवेडे प्रेक्षक