तर्रीची तारीख

मागच्या रविवारी छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या वस्तीत मित्राच्या मुलीचं लग्न होतं. निकाह लागला तसे आम्ही चारपाच जण शामियान्यामागं सटकलो. तिथं डेगा चढल्या होत्या. हॉटेलात बाराही महिने मिळत असला, तरी नान खलिया खावा तो लग्नातच.

खानसाम्यानं झाकण सरकवलं. वर दोन बोटं लालभडक तर्री. ती पळीनं अलगद काढून त्यानं वेगळ्या भांड्यात ठेवली. वाढताना प्रत्येक ताटलीत तिचीच धार. डॉक्टरांचा चेहरा आठवून मी म्हणालो, "चाचा, तर्री जरा कम."

पळी हवेतच थांबली. "तर्री नक्को, तो खलिया कायकू खाना?"

शेजारी पुण्याचे पाहुणे होते. त्यांना मी आमच्याकडची ठरलेली गोष्ट ऐकवली. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकानं राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली. एवढी फौज एकदम जेवायला बसवायची, म्हणून डेगांत मटण आणि भट्टीत नान. तोच हा नान खलिया.

पाहुण्यांनी कपाळ पुसलं. "आणि मिरचीही एवढीच असायची?"

माझा घास तोंडातच राहिला. मिरची आपल्याकडं आली पोर्तुगीजांच्या जहाजातून, म्हणजे १४९८ नंतर. तुघलकाच्या शिपायांची सारी भिस्त काळ्या मिरीवर. पुढं अकबराच्या काळातल्या 'आईन-ए-अकबरी'त कलिया आहे, मिरी आहे. मिरचीचा पत्ता नाही. इतकंच काय, तेव्हा हे शहरही नव्हतं. मलिक अंबरनं ते खडकी या नावानं वसवलं १६१० मध्ये.

तुघलकाची राजधानी काही वर्षांतच दिल्लीला परतली. आलेल्यांतले कित्येक मात्र इथंच रमले. त्यांचा कलिया दख्खनी बोलीत खलिया झाला. वाटणात खसखस आणि सुकं खोबरं, वर मिरचीचा लाल तवंग. नान तेवढा समजूतदार राहिला: हळद-गुळाच्या पाण्यानं पिवळा, मऊ, जरासा गोडसर. जाळ तर्रीनं करायचा, निस्तरायचा नाननं.

हे सगळं मी पाहुण्यांना सांगणार होतो. पण ते दुसरा नान मोडत होते, आणि माझी ताटली रिकामी झाली होती. मी ती मुकाट्यानं पुढं केली.

चाचांनी या खेपेला विचारलंसुद्धा नाही.